वकील खासदार झाले, तर सनदेचं काय होतं?

काही महिन्यांपूर्वी एक आजोबा माझ्याकडे आले. हातात नाडी बांधलेली फाईल होती, तिचा पुठ्ठा कोपऱ्यांत झिजून कापडासारखा मऊ झालेला. वाटपाचा दावा, दिवाणी न्यायालयात बरीच वर्षं चाललेला. खुर्चीवर टेकता टेकताच त्यांनी विचारलं, "आमचे वकीलसाहेब आता राजकारणात गेले. पुढं दिल्लीला जायचं म्हणतात. मग माझी केस ते चालवणार, की मी दुसरा वकील लावू?"

प्रश्न साधा आहे, पण वकिलांच्या बार रूममध्ये विचारलात तर चार जण चार उत्तरं देतील. कुणी म्हणेल, निवडून आले की सनद जमा करावी लागते. कुणी म्हणेल, काहीच करावं लागत नाही, सगळे मोठे वकील खासदार आहेतच की. दोन्ही उत्तरं अर्धी आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात सनदेपासून, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्यापासून. कायद्याची पदवी घेतली म्हणजे माणूस वकील होत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ प्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलच्या नोंदवहीत नाव चढावं लागतं. आपल्याकडे ते काम महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल करते. नाव चढलं की कोर्टात उभं राहण्याचा हक्क मिळतो आणि त्याबरोबर बंधनंही येतात. त्यातलं आपल्या कामाचं बंधन म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९. वकिली करत असताना वकिलाला कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. मालक सरकार असो, कंपनी असो वा एखादी व्यक्ती, नियम तोच. नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. बँकेत विधी अधिकारी म्हणून लागलेले आमचे कितीतरी मित्र सनद बंद ठेवून बसले आहेत.

यामागचं कारण मला पटतं. वकिलाने ज्याचं वकीलपत्र घेतलं, त्याच्याशी तो बांधलेला असतो. त्याच वेळी दुसऱ्या कुणाकडून महिन्याचा पगार घेत असेल, तर कठीण प्रसंगी तो पक्षकाराकडे बघेल की मालकाकडे?

आता खासदाराकडे बघा. त्याला दरमहा वेतन मिळतं. १ एप्रिल २०२३ पासून ते १ लाख २४ हजार रुपये आहे, शिवाय भत्ते. पैसा सरकारी तिजोरीतून येतो. मग हा पूर्णवेळ पगारी नोकर झाला की नाही? नेमका हाच सवाल घेऊन अश्विनीकुमार उपाध्याय सर्वोच्च न्यायालयात गेले. ते स्वतः वकील आणि भाजपचे नेते. आमदार-खासदारांना पदावर असेपर्यंत वकिली करू देऊ नये, अशी त्यांची मागणी होती. २५ सप्टेंबर २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. निकालपत्र खानविलकरांनी लिहिलं.

त्यातला युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. नोकरी म्हटली की एक मालक लागतो. नेमणारा, काम सांगणारा, काढून टाकू शकणारा. खासदाराचा असा मालक कोण? सरकार नाही, कारण सरकारला जाब विचारणं हेच तर खासदाराचं काम. लोकसभेचे अध्यक्षही नाहीत, ते सभागृह चालवतात, खासदाराला नोकरीवर ठेवत नाहीत. मतदार निवडून देतात, पण त्यांना मालक म्हणणं ही बोलण्याची पद्धत झाली, कायद्यातलं नातं नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०६ खाली मिळणाऱ्या रकमेला वेतन म्हणत असले, तरी तेवढ्याने मालक-नोकर हे नातं तयार होत नाही. खासदार हा लोकसेवक असेल, पण लोकसेवक असणं आणि पूर्णवेळ पगारी नोकर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. नियम ४९ मध्ये शब्द आहे तो नोकराचा. बार कौन्सिलने लोकप्रतिनिधींसाठी वेगळी बंदी घातलेली नाही, म्हणून न्यायालयही ती घालणार नाही.

म्हणजे आजचा कायदा असा: खासदार किंवा आमदार झालेल्या वकिलाची सनद चालू राहते. सकाळी राज्यसभेत आणि दुपारी सर्वोच्च न्यायालयात, हे बेकायदा नाही.

मला मात्र या निकालाशेजारी नेहमी एक जुना निकाल आठवतो, आणि तो आपल्याच बार कौन्सिलविरुद्धचा आहे. एका शल्यविशारदाने पुढे कायद्याची पदवी घेतली आणि डॉक्टरकी न सोडता सनद मागितली. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९६ साली न्यायालयाने बार कौन्सिलची बाजू उचलून धरली. वकिली हा पूर्णवेळ लक्ष मागणारा व्यवसाय आहे, दुसरा व्यवसाय करत करत तो करता येणार नाही. कारण उघड आहे. कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे, उलटतपासणी रंगात आली आहे आणि तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला, तर डॉक्टरने कुणाला वाऱ्यावर सोडायचं?

डॉक्टरला जमणार नाही ते खासदाराला कसं जमतं? कायद्याचं उत्तर असं की खासदारकी हा व्यवसायही नव्हे आणि नोकरीही नव्हे. अक्षराने बघितलं तर ते बरोबर आहे. पण वेळेच्या हिशेबाने बघितलं तर प्रश्न तोच उरतो. काही वकील सांगतात की संसद वर्षभर थोडीच चालते. आकडा त्यांच्या बाजूचा आहे: २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेच्या एकूण २७४ बैठका झाल्या, म्हणजे वर्षाला सरासरी ५५. पण खासदाराचं काम बैठकीपुरतं नसतं. स्थायी समित्या असतात, विधेयकांचे मसुदे वाचायचे असतात, मतदारसंघ असतो. आणि खरं सांगायचं तर वकिलाने संसदेत जायचं कशासाठी, तर मसुद्यातला एखादा 'किंवा' आणि 'आणि' यांतला फरक पुढे हजारो खटल्यांना जन्म देतो हे त्याला दिसतं म्हणून. ते काम उरल्यासुरल्या वेळात होत नाही.

मंत्र्यांचं वेगळं आहे. मंत्री सरकारचाच भाग असतो, स्वतंत्र कायद्याखाली वेतन घेतो आणि मंत्र्यांसाठीच्या आचारसंहितेप्रमाणे त्याने व्यवसाय-धंद्यापासून दूर व्हायचं असतं. म्हणून पी. चिदंबरम, कपिल सिब्बल, अरुण जेटली, सलमान खुर्शीद हे मंत्री असताना कोर्टात उभे राहिले नाहीत, आणि २०१४ नंतर चिदंबरम, सिब्बल, खुर्शीद पुन्हा काळा कोट घालून आले. जेटलींचं उदाहरण मला विशेष वाटतं. २००९ मध्ये ते राज्यसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्या पदाला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो, पण ते काही मंत्री नव्हते. तरी तेव्हाच त्यांनी वकिली थांबवली. देशातल्या सर्वात मोठ्या वकिलांपैकी एकाने तेजीत असलेली प्रॅक्टिस थांबवणं म्हणजे काय, हे कोर्टात रोज वावरणाऱ्याला कळतं. पक्षकार एकदा दुसऱ्या चेंबरची पायरी चढला की सहसा परत येत नाही.

पूर्वी तर वकिली सोडणं हेच राजकारण होतं. १९२० च्या असहकारात न्यायालयांवर बहिष्कार आला आणि मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास, राजेंद्र प्रसाद, राजगोपालाचारी यांनी भरभराटीचा व्यवसाय बाजूला ठेवला. गांधीजींचं नाव तर १९२२ मध्ये लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं, ते १९८८ मध्ये परत घेतलं.

पण दुसरीही वाट होती आणि ती आपल्याला जास्त जवळची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली आणि १९२७ पासून ते मुंबई विधान परिषदेत होते. त्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला. चवदार तळ्यावरून सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला, त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी. तळं ही खाजगी मालमत्ता आहे आणि अस्पृश्यांना वर्ज्य करण्याची रूढी पूर्वापार आहे, असं वादींचं म्हणणं. दावा महाडला, मग अपील ठाण्याला, मग उच्च न्यायालयात. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, बाबासाहेबांच्या बाजूने. दहा वर्षं एका तळ्यासाठी तारखा चालल्या, आणि त्याच दहा वर्षांत विधिमंडळ, गोलमेज परिषदा, स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना. इथे कोर्ट आणि राजकारण ही दोन कामं नव्हतीच. एकच प्रश्न दोन ठिकाणी लढवला जात होता. वकील-खासदार या विषयावर कुणी सरसकट बंदीची भाषा केली की मला ही तळ्याची फाईल आठवते, आणि म्हणून मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही.

हेच बाबासाहेब १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेला हरले आणि १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. कोर्ट जिंकणं आणि मतदारसंघ जिंकणं यांत फार अंतर आहे. न्यायाधीश एक असतो, त्याला कायदा पटवायचा असतो. मतदार लाखो असतात आणि त्यांना पाण्याचं, रेशनचं, पोराच्या नोकरीचं बोलायचं असतं. जेटलीही २०१४ च्या लाटेत अमृतसरमधून लाखावर मतांनी पडले. उलट उदाहरण १९७७ चं. वायव्य मुंबईत आणीबाणीच्या काळातले कायदामंत्री ह. रा. गोखले एका बाजूला आणि आणीबाणीला विरोध केल्यामुळे देशाबाहेर राहावं लागलेले राम जेठमलानी दुसऱ्या बाजूला. दोघेही नामवंत वकील, गोखले तर उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. जेठमलानी जिंकले, पण ती निवडणूक वकिलीवर झाली नव्हती, आणीबाणीवर झाली होती.

म्हणूनच बहुतेक मोठे वकील राज्यसभेच्या दाराने जातात. तिथे आमदार मत देतात. २००३ पासून उमेदवार त्याच राज्यातला रहिवासी असण्याची अटही राहिलेली नाही, त्यामुळे दिल्लीत प्रॅक्टिस करणारा वकील कुठल्याही राज्यातून जाऊ शकतो. ही वाटही अगदी सोपी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात अभिषेक मनु सिंघवी यांना ३४ मतं पडली, समोरच्यालाही ३४. चिठ्ठी टाकली गेली आणि ते हरले. त्याच वर्षी ते तेलंगणातून गेले.

तिसरं दार राष्ट्रपतींच्या नियुक्तीचं. अनुच्छेद ८० प्रमाणे साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतले १२ जण नेमता येतात. या यादीत कायदा नाही, वकिलांना साधारणपणे समाजसेवेत धरलं जातं. फली नरिमन असेच १९९९ मध्ये गेले होते. नियुक्त सदस्याला पहिल्या सहा महिन्यांत एखाद्या पक्षात जाता येतं, त्यानंतर गेला तर सदस्यत्व जातं.

आणि आता उज्ज्वल निकम, ज्यांच्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रात घरोघरी आला. जळगावचे वकील, १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यापासून विशेष सरकारी वकील, कसाबच्या खटल्यामुळे देशभर माहीत झालेले. २०२४ मध्ये उत्तर मध्य मुंबईतून भाजपचे उमेदवार झाले आणि वर्षा गायकवाड यांच्याकडून १६,५१४ मतांनी हरले. निवडणुकीनंतर राज्य सरकारने त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमलं, त्यावर विरोधकांनी आक्षेप घेतला. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली.

इथे एक बारकावा आहे तो लोकांच्या चर्चेत हरवतो. खाजगी वकील आणि सरकारी वकील यांचं काम एक नाही. खाजगी वकिलाने आपल्या पक्षकारासाठी कायद्याच्या चौकटीत राहून जिवाचं रान करायचं. सरकारी वकिलाचा पक्षकार राज्य असलं, तरी शिक्षा मिळवून देणं हे त्याचं काम नव्हे, खरं काय ते कोर्टापुढे ठेवणं हे आहे. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तोही त्याने दडवायचा नाही. म्हणून विशेष सरकारी वकिलाला किमान दहा वर्षांच्या वकिलीची अट आहे, आणि म्हणूनच त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल आरोपीच्या आईलाही खात्री वाटली पाहिजे.

लोकप्रतिनिधीने विशेष सरकारी वकील म्हणून काम करणं कायद्याने लाभाचं पद ठरतं का, म्हणजे ज्यामुळे सदस्यत्व जाऊ शकतं असं सरकारी पद? सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न राजस्थानातल्या कांता कथुरिया या वकील-आमदारांच्या प्रकरणात आला होता. त्यांना एका प्रकरणापुरतं विशेष सरकारी वकील नेमलं होतं. न्यायाधीशांत मतभेद झाले, बहुमताने ठरलं की एका प्रकरणापुरतं दिलेलं काम म्हणजे 'पद' नव्हे. व्यक्तींबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण माझं मत सांगतो: पक्षाचं तिकीट घेतलेल्या वकिलाने फौजदारी खटल्यात राज्यातर्फे उभं राहू नये. तो कितीही प्रामाणिक असला तरी. कारण शिक्षा झाली तर आरोपीचे लोक राजकारण म्हणतील आणि सुटका झाली तर पीडिताचे लोक.

खाजगी वकिलीतही गुंते होतात. मे २०२२ मध्ये चिदंबरम कलकत्ता उच्च न्यायालयात एका खाजगी कंपनीतर्फे उभे राहिले. प्रकरण पश्चिम बंगाल सरकारने मेट्रो डेअरीतले शेअर विकल्याचं होतं आणि त्या विक्रीला आव्हान दिलं होतं काँग्रेसच्याच अधीर रंजन चौधरींनी. कोर्टाच्या आवारात काँग्रेसला मानणाऱ्या वकिलांनी चिदंबरम यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या. वकील म्हणून त्यांचं काय चुकलं? बार कौन्सिलचा नियमच सांगतो की योग्य फी मिळत असेल तर वकिलाने सहसा काम नाकारू नये. पण घोषणा देणाऱ्यांना समोर वकील दिसत नव्हता, पक्षाचा नेता दिसत होता. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं, आणि हीच या दुहेरी आयुष्याची अडचण आहे.

न्यायाधीशांच्या बाबतीत ती आणखी नाजूक होते. न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावर खासदार सह्या करतात. मग ज्याच्याविरुद्ध सही केली त्याच्यापुढे अर्ज घेऊन उभं राहायचं? एप्रिल २०१८ मध्ये सरन्यायाधीश मिश्रांविरुद्ध अशी नोटीस दिली गेली, तेव्हा सही करणाऱ्या सिब्बल यांनी त्यांच्या कोर्टात उभं राहणार नाही असं जाहीर केलं होतं.

राज्यसभेत यावर एक चांगली व्यवस्था आहे. नियम २९३ खाली सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते आणि त्यात पाच गोष्टी सांगाव्या लागतात. व्यावसायिक काम हा त्यातला एक रकाना. एखाद्या विधेयकावर बोलणारा सदस्य कुणाचं वकीलपत्र बाळगून आहे, हे त्यामुळे तपासता येऊ शकतं. हा रकाना अधिक ठळक आणि लोकांना सहज बघता येईल असा हवा, एवढं जरी झालं तरी बंदीचा अर्धा आग्रह मावळेल असं मला वाटतं.

आता आजोबांकडे येतो, कारण तारीख त्यांची होती.

मी त्यांना सांगितलं ते असं. वकीलसाहेब खासदार झाले तरी तुमचं वकीलपत्र आपोआप संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे ते दावा संपेपर्यंत चालू असतं. मधेच काढायचं तर न्यायालयाची परवानगी लागते, मग काढणारे तुम्ही असा की ते. त्यांना चालवायचं असेल तर ते चालवू शकतात. मंत्री झाले तर मात्र नाही. त्यांना सोडायचं असेल तर पुरेसं कारण आणि पुरेशी आगाऊ सूचना द्यायला हवी, आणि जेवढं काम झालं नाही तेवढी फी परत करायला हवी. बार कौन्सिलचा तसा नियम आहे. दुसरा वकील लावताना नव्या वकीलपत्रावर जुन्या वकिलांची ना हरकत घ्यायची आपल्याकडे रीत आहे. ती मिळाली नाही तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो. फी बाकी आहे म्हणून वकील तुमची कागदपत्रं अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट सांगितलं आहे.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आधी त्यांनाच विचारू?"

हो, आधी त्यांनाच विचारा, म्हटलं. त्यांनी तुमच्यासाठी इतकी वर्षं काम केलंय. तुमच्या तारखेला स्वतः येणार का, की कनिष्ठ वकिलाला पाठवणार, एवढं सरळ विचारा.

मग टेबलावरच फाईलीची नाडी सोडून त्यांच्या मूळ कागदांची यादी केली. सातबाऱ्याचे उतारे, १९७१ चं खरेदीखत, फेरफाराची नक्कल, दोन पावत्या. यादीच्या दोन प्रती काढल्या. एक त्यांनी घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, दुसरी वकीलसाहेबांची सही घेण्यासाठी फाईलीत सर्वात वर लावली आणि नाडी पुन्हा घट्ट बांधली.